घोलवडच्या पलीकडचे डॉक्टर

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहणाऱ्या मामींचं ठाम मत होतं की माणसाला होणारे झाडून सगळे आजार महाराष्ट्रात होतात आणि बरे मात्र फक्त गुजरातमध्ये होतात. या दोन्हींच्या मधली रेघ त्यांनी घोलवड आणि उंबरगाव या स्टेशनांच्या मध्ये आखून ठेवली होती. घोलवडपर्यंतचे सगळे डॉक्टर त्यांच्या लेखी बिल्डरच होते, फक्त गळ्यात स्टेथोस्कोप घातलेले. उंबरगाव आलं की मात्र देवमाणसं सुरू व्हायची. "अगं, तिकडचा डॉक्टर आधी तुझं नाव विचारतो," त्या म्हणायच्या. "इकडचा आधी विचारतो, मिस्टर कुठे कामाला आहेत?"

मामी मुळात कुणाच्या मामी, हे आमच्या नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचे यजमानसुद्धा त्यांना मामीच म्हणत. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अतिशय शांत गृहस्थ होते आणि बायकोच्या वैद्यकीय मोहिमांपासून स्वतःची तब्येत मोठ्या कौशल्याने लपवून ठेवत. त्यांना शिंक आली तर ते बाथरूममध्ये जाऊन शिंकत, असं माझे बाबा सांगायचे. मामींचे वडील रेल्वेत होते आणि मामींचं चौथीपर्यंतचं बालपण वलसाडच्या रेल्वे कॉलनीत गेलं होतं. तेवढ्या भांडवलावर अख्खं गुजरात त्यांनी माहेर म्हणून नावावर करून घेतलं होतं. तिथल्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यावर तर त्यांचा विशेष जीव. वापीच्या पुढे, आंब्याच्या वाडीत बसलेला तो बैठा दवाखाना. गरिबाला फुकट, इतरांना परवडेल एवढ्यात. दातांसाठी त्यांच्याकडे वेगळं गाव होतं, हाडांसाठी वेगळं. पण कुठलाही आजार शेवटी डोळ्यांतच उतरतो अशी त्यांची समजूत असल्यामुळे बहुतेकांची पहिली वारी या दवाखान्यातच व्हायची.

पेशंट त्या जिन्यात पकडत. भाजी घेऊन वर जाणाऱ्या माणसाला थांबवून, त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघत आणि म्हणत, "रक्त नाही अजिबात. मंगळवारी रिकामा आहेस का?" पोस्टमन, इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरचे नुकतेच राहायला आलेले कोल्हापूरचे शिक्षक, कुणी सुटलं नाही. मंगळवारी पहाटे विरारहून शटल पकडायची आणि घोलवड येईपर्यंत मामी सगळ्यांना सांगत राहायच्या, "काय खोकायचं ते आत्ताच खोकून घ्या. पुढे शोभत नाही." उंबरगावचा फलाट दिसला की त्या स्वतः खिडकीशी तोंड नेऊन एक मोठा श्वास घेत आणि मग आम्हा सगळ्यांकडे अशा बघत की जणू तो श्वास त्यांनीच आम्हाला भेट दिला आहे.

डॉक्टर तिकडचे असले तरी आमटीच्या बाबतीत मामी कट्टर इकडच्या होत्या. "त्यांचं ज्ञान घ्यावं, वरण घेऊ नये," हा त्यांचा सिद्धांत. तिकडच्या वरणातला गूळ त्यांना ऑपरेशनपेक्षा धोकादायक वाटे. म्हणून त्यांच्या पिशवीत पाच पुडांचा डबा, लसणाची चटणी आणि एका बाटलीत कोकमाचं सार असे. भाषेच्या बाबतीत मात्र त्यांनी पूर्ण समर्पण केलं होतं. मराठी वाक्याच्या शेवटी 'छे' लावलं की गुजराती होतं अशी त्यांची श्रद्धा होती. दवाखान्यातली सिस्टर धरमपूरकडची होती आणि तिला मराठी उत्तम येत असे. ती मराठीत विचारायची, मामी गुजरातीत उत्तर द्यायच्या, आणि आपण समोरच्यावर केवढे उपकार करतो आहोत असं दोघींच्याही चेहऱ्यावर दिसायचं.

दवाखान्याचा एक नियम होता. प्रत्येक पेशंटबरोबर घरचं एक माणूस राहिलंच पाहिजे. आमच्याकडे घरची माणसं नोकरीवर. रजा मिळाली तरी ती गणपतीसाठी राखलेली. मामींनी हा प्रश्न फार सोपा करून टाकला. त्या सगळ्यांच्याच घरच्या झाल्या. मनवेलपाड्याच्या रिक्षावाल्याची थोरली बहीण, कोल्हापूरच्या शिक्षकांची वहिनी, इस्त्रीवाल्याची चक्क आई. भुईगावच्या एका ख्रिस्ती वाडीवाल्या आजोबांना नेलं तेव्हा त्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावून त्यांची सून म्हणून बसल्या होत्या. आजोबा ऑपरेशनच्या आधी हातात माळ घेऊन पुटपुटत होते आणि मामी शेजारी बसून प्रत्येक वेळी चुकीच्या ठिकाणी 'आमेन' म्हणत होत्या. सिस्टरने शेवटी विचारलं, "मामी, हेपण तुमचे सासरे का?"

"चुलत," मामी म्हणाल्या.

आजोबांनी डोळे न उघडताच सांगितलं, "सिस्टर, माझी सून चांगली आहे हो. थोडं पानी द्या तिला, फार बोलते ती." पुढे प्रत्येक हिवाळ्यात भुईगावहून मामींकडे सुकेळ्यांचा पुडा येऊ लागला, 'सूनबाईंना' म्हणून.

हे सगळं त्या का करत, मला कधी कळलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मग काय घरी बसून ह्यांच्याकडे बघू?"

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, जे मला फारसं आवडत नाही. माझा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता. लहानपणापासून. शाळेत मी शेवटून दुसऱ्या बाकावर, डाव्या बाजूच्या भिंतीला चिकटून बसत असे आणि केस डाव्या गालावर सोडत असे. इंग्रजी शाळेत कमी बोललं की मुलगी 'रिझर्व्ड' ठरते, त्यामुळे माझं निभावून गेलं. घरात त्या डोळ्याबद्दल कुणी बोलत नसे. आई फार तर म्हणायची, "तिची नजर जरा..." आणि मग हाताने काहीतरी पुसल्यासारखं करायची. आम्ही आचोळ्याला राहायला आलो त्या दिवशी, सामानाचा टेम्पो अजून खालीच उभा असताना, मामींनी जिन्यात माझी हनुवटी धरली आणि आईला विचारलं, "तिरळी आहे का हो ही?" आईचा चेहरा कसा झाला ते मला अजून आठवतं. मलाही राग यायला हवा होता. तो आला नाही, एवढंच सांगते.

बी.कॉम. झालं, मी वसईच्या एका ऑफिसात लागले आणि आईने स्थळं बघायला सुरुवात केली. स्टुडिओवाल्याने माझा फोटो बाजूने काढला, मी खिडकीतून दूर कुठेतरी बघते आहे असा. आमच्या खिडकीतून पाण्याचा टँकर सोडून बघण्यासारखं काही नव्हतं. तो फोटो मनवेलपाड्याच्या एका घरी आवडला. मुलाची आई मध्यस्थ काकांबरोबर एकदा आमच्याकडे येऊनही गेली. मी नेमकी ऑफिसात होते; पण मामींनी त्यांना जिन्यात अर्धा तास उभं करून त्यांच्या सात पिढ्यांच्या तब्येतींची चौकशी केली. आता मुलगा बघायला येणार होता.

त्या आठवड्यात मामींनी मला जिन्यात अडवलं. पापणी वगैरे ओढली नाही. म्हणाल्या, "डोळ्याचं काय करायचं ठरवलंयस?"

हा प्रश्न तोपर्यंत कुणी मला विचारलाच नव्हता. मी म्हटलं, "नथिंग."

"इंग्रजीत नाही म्हणते आहेस. म्हणजे करायचंय."

मला करायचं होतं. रोज सकाळी आरशासमोर मी उजव्या हाताने तो डोळा झाकून बघत असे. पण बोरिवलीच्या डॉक्टरने सांगितलेला आकडा ऐकून बाबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला होता, आणि तो आवाज, चष्म्याची काच सदऱ्याला घासल्याचा, मला पुन्हा ऐकायचा नव्हता. मामींनी दोन्ही अडचणी एका दमात सोडवल्या. तिकडे परवडेल, हे एक. आणि आईची जी खरी भीती होती, लग्नाच्या मुलीचं ऑपरेशन झाल्याचं चार लोकांना कळलं तर, तिच्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. "तिकडे आपल्याला ओळखतंय कोण?"

ठरलं. बिल्डिंगला सांगितलं की मामी आणि मी सुरतेला साड्या घ्यायला चाललो आहोत. विरारच्या फलाटावर पहाटे कळलं की त्या दिवशी अर्धी वसई कुठे ना कुठे साड्या घ्यायला निघाली होती. पहिल्या मजल्यावरच्या काकू, जवळच्याच डब्यात, एका डोळ्यावर पदर धरून, "नवसारीला बारसं आहे." माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, "उदवाड्याला हवापालट." सगळे एकमेकांना हसून हात करत होते आणि सगळे वापीच्या पुढे त्याच एका स्टेशनवर उतरले. दवाखान्याच्या आंब्याखाली रांगेत उभं राहिल्यावर चित्रकलेच्या बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "साड्या कशा आहेत?" मी म्हटलं, "अजून बघितल्या नाहीत."

डॉक्टर म्हातारे होते आणि हळू बोलत. त्यांनी माझा डोळा दोन-तीनदा तपासला आणि सांगितलं की पूर्ण सरळ होईल असं मी वचन देत नाही. कदाचित पुन्हा करावं लागेल, कदाचित काही दिवस एकाचे दोन दिसतील. मामींनी लगेच तोंड उघडलं, "करो, करो, आ छोकरी तयार छे..." डॉक्टरांनी हात वर केला. "बेन, तमे नहीं. एने बोलवा दो." मग ते माझ्याकडे बघत राहिले. कुठल्या डोळ्याकडे बघावं अशी समोरच्याची धांदल मला लांबूनही ओळखू येत असे; त्यांची ती झाली नाही. मी म्हटलं, "करा." मामी गप्प होत्या. त्या दिवशी दुपारपर्यंत त्या गप्पच होत्या, आणि मला खरी भीती त्यामुळे वाटली.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधून मला बायकांच्या खोलीत आणलं आणि मामी माझ्या उशाशी बसल्या. मग शेजारच्या खाटेकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट दाबलं की बांगडी रुतली. "मेलो आपण," त्या पुटपुटल्या. "मनवेलपाडा."

शेजारच्या खाटेवर मुलाची आई होती. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून हिरवी पट्टी बांधलेली, दुसऱ्या डोळ्यातला अजून पिकायचा. लग्नाच्या मुलाच्या आईलाही लपवण्यासारखं असतं, हे मला तेव्हा कळलं. घरात आजारपण आहे असं मुलीकडच्यांना वाटायला नको म्हणून बिचाऱ्या धाकट्या भावाला घेऊन गुपचूप आल्या होत्या. मी डोक्यावरून चादर घेतली. मामी म्हणाल्या, "घाबरू नकोस. तिला दिसत असतं तर ती इथे कशाला आली असती?" आणि मग त्यांनी आवाज घोगरा करून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आ मारी भाची छे. सुरतची छे. तेला मराठी येत नाही छे."

पुढचे दोन दिवस मी सुरतेची होते. मला गुजरातीतला एक शब्द येत नव्हता. पण गप्प बसणं मला कुणाहीपेक्षा चांगलं येत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला. मामी माझ्याशी अखंड गुजराती बोलत होत्या आणि मी मान हलवत होते. डबा मात्र लपवता येत नव्हता. लसणाच्या चटणीचा वास सुटला तशी शेजारची खाट थोडी हलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी सिस्टरशी भांडायला बाहेर गेल्या होत्या. शेजारच्या काकू उठून बसल्या आणि स्टुलावरचा पाण्याचा पेला चाचपडू लागल्या. पेला अगदी कडेला होता. मी उठले, त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "सावकाश. गरम आहे."

त्यांनी दोन घोट घेतले. मग म्हणाल्या, "सुरतेच्या मुली मराठी छान बोलतात."

मी माझ्या चादरीकडे वळले.

"अगं, डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. तुझ्या मामींचा आवाज मी तुमच्या जिन्यात अर्धा तास ऐकलाय." त्या हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "फोटोत तू बाहेर का बघत होतीस ते कळलं मला. घरी नाही बोलणार मी. तूही नको बोलूस, माझं."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

"दुखतंय का?"

"थोडं."

"माझं पण," त्या म्हणाल्या, आणि पेला मला परत दिला. मामी आत आल्या तेव्हा आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. संध्याकाळपर्यंत मामी नेटाने गुजराती बोलत राहिल्या आणि काकू अधूनमधून खोकल्यासारखं काहीतरी करत होत्या.

पट्टी काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, सूज आहे, आत्ता काही बोलत नाही. दवाखान्यात आरसा नव्हता. मामींच्या पर्समध्ये होता, मला माहीत होतं. पण मागितल्यावर त्यांनी पर्स बगलेत धरली. "गाडीत बघ." गाडीत म्हणाल्या, "वापी जाऊ दे." वापी गेलं. "भिलाड जाऊ दे." उंबरगाव मागे पडल्यावर त्यांनी आरसा काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघू लागल्या, जसं काही त्या चिकूच्या वाड्या त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. पर्सची चेन त्या सारख्या उघडत होत्या आणि लावत होत्या. एवढ्या लोकांना घेऊन ही बाई वर्षानुवर्षं जात होती आणि प्रत्येक वेळी परतीच्या गाडीत तिला अशीच भीती वाटत असणार.

डोळा लालभडक होता, सुजलेला, आणि बुबुळ मधोमध होतं.

"मामी, इकडे बघा."

"आधी तू सांग."

"बघा ना."

त्यांनी वळून बघितलं. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भूक लागली असेल तुला."

बिल्डिंगला सांगितलं की सुरतेला माझे डोळे आले. त्यानंतर कुणी आमच्या दाराकडे फिरकलं नाही. मध्यस्थ काकांकडे आईने निरोप धाडला की बघण्याचा कार्यक्रम पुढे ढकला, मुलीचे डोळे आलेत. त्याच दिवशी मनवेलपाड्याहूनही त्यांना निरोप आला, मुलाच्या आईचे डोळे आलेत. साथ फार जोरात आहे असं ठरवून काकांनी दोन्ही घरी गुलाबपाण्याची एकेक बाटली पाठवली.

महिन्याभराने ते लोक आले. काकूंच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, आणि आम्ही दोघी पहिल्यांदा भेटल्यासारख्या वागलो. मुलगा चांगला होता, खरंच चांगला. मी केस मागे बांधले होते आणि त्याच्याकडे समोरून बघत होते. असं कुणाकडे बघत बसता येतं, हेच मला नवीन होतं. त्याला काहीही विचारलं की तो आधी आईकडे बघे आणि मग उत्तर देई. चहात साखर किती, हेसुद्धा. मी घरी नको म्हणून सांगितलं. आई रडली. मामी तरातरा वर आल्या. "डोळा सरळ करून आणला तो काय नाही म्हणायला?"

मी थोडा विचार केला आणि म्हटलं, "हो."

मामी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग आईला म्हणाल्या, "चहा टाका हो. बरोबर बोलते आहे ती."

मामींचे यजमान गेले, शेवटपर्यंत गुजरातला न जाता. मग मामी मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. आता वसईत, नालासोपाऱ्यात कोपऱ्याकोपऱ्यावर डोळ्यांचे दवाखाने झाले आहेत आणि जिन्यात कुणी कुणाची पापणी ओढत नाही. मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाने नाशिकला गेले तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. त्यांच्या मुलीने दारातच सांगितलं, हल्ली त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस. मामी गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या, वाळून अगदी लहान झालेल्या. मी खाली बसले, त्यांचा हात हातात घेतला, माझं नाव सांगितलं, आचोळ्याची बिल्डिंग सांगितली.

त्यांनी माझी हनुवटी धरली. दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने बघितलं आणि मान हलवली.

"छे. ती नव्हेस तू. ती तिरळी होती."

मामींनी माझा हात थोपटला, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तुला भेटते का ती? लाजाळू आहे फार, स्वतःहून नाही यायची. तिला म्हणावं मंगळवारी पहाटे तयार राहा. मी आहे म्हणावं बरोबर, काही घाबरायचं नाही."

"सांगते," मी म्हटलं.